हूल

“हाफपँट अजून थोडी वर घ्या बाबा. गुडघा पूर्ण दिसायला हवा.”

“अजून वर घेतली तर गुडघ्याबरोबर अब्रू पण दिसेल,” धोंडू घाडी म्हणाला. पण घेतली त्याने वर.

रविवारची सकाळ होती. चारकोपच्या त्या सोसायटीत मधल्या चौकाभोवती बैठी घरं होती. त्यांच्यावर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे मजले चढवले होते, पण चौकाकडे उघडणारी एक तरी खिडकी प्रत्येकाने राखली होती. त्यामुळे इथे कुणाचं काही खासगी राहत नसे, आणि दुसऱ्याचं राहत नाही म्हणून कुणाला त्याचं फारसं दुःखही नव्हतं. त्या चौकाच्या मधोमध धोंडू बनियन-हाफपँटवर उभा होता आणि त्याची मुलगी जान्हवी उकिडवी बसून आईच्या पाकिटातल्या मरून टिकल्या त्याच्या पायाला लावत होती. एक कमरेच्या हाडावर, पँटवरूनच. एक गुडघ्याच्या बाजूला, एक घोट्यावर, एक करंगळीच्या मुळाशी.

समोरच्या जाळीतून शेजारीण शकु ओरडली, “भावजी, लग्न कुणाशी ठरलं? आम्हाला आमंत्रण नाही ते?”

“तुझ्या सासूशी. हो म्हणते का विचारून ये.”

“ती कधीची तयार आहे. तुम्हीच पळाल.”

घरातून धोंडूच्या बायकोचा, प्रेमाचा आवाज आला, “जानू, पाकीट संपवू नको गो. उद्या मी काय कपाळाला गुडघा लावू?”

जान्हवी हसली नाही. तिने धोंडूच्या डाव्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. “ती खाली ठेवा.”

“असू दे की. पिशवीत काय तुझा कॅमेरा अडतो?”

“ठेवा बाबा.”

धोंडूने पिशवी कट्ट्यावर ठेवली. आत एक नारळ होता आणि कोथिंबिरीची जुडी. जान्हवीने फोन धरला आणि त्याला पाण्याच्या टाकीपासून गेटापर्यंत चालायला सांगितलं. धोंडू चालला. छाती काढून, दोन्ही हात खांद्यापासून फेकत, असा चालला की शकु जाळीला धरून हसायला लागली. “भावजी, सव्वीस जानेवारी गेली हो!”

“नेहमीसारखं चाला,” जान्हवी म्हणाली.

“हे नेहमीसारखंच आहे.”

जान्हवीने विद्यापीठात किनेसिऑलॉजी केली होती. माणूस कसा हलतो त्याचं शास्त्र, असं ती सांगायची. धोंडूला वाक्य पाठ होतं, पण त्याच्या पुढे काही सांगता येत नसे. चारकोपात माणसाची किंमत दोन प्रश्नांत ठरते: पोरगं काय करतं, आणि कुठे. डॉक्टर, इंजिनीअर, बँकेत, दुबईला, या उत्तरांचे भाव ठरलेले आहेत. किनेसिऑलॉजीला बाजारात भावच फुटला नव्हता. मग धोंडूने ज्याच्याकडे जे नाणं चालेल ते खपवलं. जान्हवीची एक वर्गमैत्रीण मढच्या बंगल्यावर शूटिंगला जाऊन हिरोला लंगडायला शिकवते, हे ऐकल्यावर त्याने न्हाव्याला सांगितलं, “सिनेमात आहे.” दुसरा एक वर्गमित्र अंधेरीच्या ऑफिसांत जाऊन खुर्च्यांची उंची ठरवतो, म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगितलं, “आयटीत आहे.” मेहुण्याला सांगितलं, “डॉक्टरकीतलंच असतं ते.” कुणाला काय दिलंय याचा हिशेब त्याने नीट ठेवला होता. पण सोसायटीच्या सत्यनारायणाला न्हावी, सेक्रेटरी आणि मेहुणा एकाच रांगेत बसले, आणि प्रसादाचा शिरा संपेपर्यंत जान्हवी एकाच वेळी सिनेमात, आयटीत आणि दवाखान्यात नोकरीला होती.

खरं म्हणजे ती बोरिवलीच्या एका जिममध्ये बायकांच्या उठाबशा मोजत होती. शिक्षण संपताच तिला बंगलोरला खेळाडूंबरोबरची नोकरी लागली होती. पण तेव्हाच प्रेमाचं पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं, आणि कुणी न सांगता जान्हवीने नकार कळवला आणि ती आईच्या उशाशी बसली. आता पुन्हा एकदा दार उघडलं होतं. भुवनेश्वरला धावपटूंचं एक केंद्र होतं. पळताना कुणाचं पाऊल कसं पडतं, दुखापत कुठून येणार, हे बघायला त्यांना माणूस हवा होता. पुढच्या महिन्यात रुजू व्हायचं होतं. नमुना म्हणून एका जुन्या खेळाडूची चाल टिपून पाठवायला सांगितली आहे, असं ती म्हणाली. घरात जुना खेळाडू एकच होता. धोंडू तरुणपणी मंडळाकडून कबड्डी खेळला होता. चढाईला जायचा. त्या जोरावरच त्याला कंपनीत शिपायाची नोकरी लागली आणि तिथूनच तो निवृत्त झाला.

आता पिशवीचं. होळीच्या सुमारास एका संध्याकाळी धोंडू बाजारातून परतत होता. ऊन पाठीवर होतं आणि सावली पुढे पडली होती. सावलीचा उजवा हात पुढे-मागे होत होता, आणि डावा हात बाजूला लटकून होता, जणू दुसऱ्या कुणाचा सांभाळायला दिलाय. धोंडू थांबला. हात हलवून पाहिला. हलला. पुन्हा चालायला लागला, तर पुन्हा लटकला. दुखत काहीच नव्हतं. दुखलं असतं तर निदान तक्रार तरी करता आली असती. नंतर शर्टाची बटणं डाव्या हाताला उशिरा सापडायला लागली. तेव्हा त्याच्या मनाने एकच गणित मांडलं: जान्हवीला कळलं की भुवनेश्वर गेलं. दुसऱ्या दिवसापासून त्याने डाव्या हातात पिशवी धरली. वजन असलं की कुणाचाही हात लोंबतोच. पण रिकामी पिशवी वाऱ्यावर उडते, म्हणून तळाशी नारळ ठेवला, आणि रोज पिशवी घेऊन जायचं म्हणजे रोज काहीतरी आणायला हवं, म्हणून कोथिंबीर.

“रोज कोथिंबीर कशाला आणताय?” प्रेमा विचारायची. “घरात काय बकरी बांधलीय?”

“ताजी होती.”

चौकात तिसरी फेरी झाली. जान्हवीने फोन खाली केला. “गुडघा मस्त आहे बाबा. आता शेवटचं. चालताना बोललं की दम लागतो का ते बघायचंय. तुमच्या टीममधली सातही नावं सांगत चाला. कोण कुठे उभा राहायचा, काय करायचा, सगळं.”

हे धोंडूला आवडलं. गेल्या कित्येक वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

“रामा कोचरेकर, डावा कोपरा,” तो टाकीपासून निघाला. “घोटा धरला की सोडायचा नाही, कुत्र्यासारखा. त्याच्या शेजारी बाळा. मग दिग्या, तो साखळीत. मग मढचा फ्रान्सिस. कोळी माणूस गो, मनगट म्हणजे दोरखंड. एकदा लालबागच्या मैदानात त्याने…” उजव्या हाताने हवेत फ्रान्सिसची पकड दाखवत, मधेच एकदा थांबून, एकदा स्वतःशीच हसत तो गेटापर्यंत गेला. येसो राहिला होता, भाऊ पेडणेकर राहिला होता, म्हणून परत टाकीपर्यंत आला. शकु पण ऐकत राहिली.

“आणि सातवा?” जान्हवीने विचारलं.

“सातवा मी की!”

“दम नाही लागला,” ती म्हणाली आणि खाली बसून टिकल्या काढायला लागली. तिच्या बोटांना जरा घाई होती.

त्या संध्याकाळी मंडळाच्या कट्ट्यावर धोंडूने भाऊ पेडणेकरला सगळी हकीकत सांगितली. भाऊ म्हणजे संघातला तोच भाऊ, आता पोट सुटलेला आणि दोन नातवंडांचा मालक.

“पण नोकरी नक्की काय रे तिची?” भाऊ म्हणाला. “मालीश?”

“मालीश नाही. बघायचं असतं.”

“नुसतं बघायचं? मग मी इथे बसून एवढी वर्षं काय करतोय? मला पण लाव ना चिकटवून.”

“तू बायका बघतोस. ती पाय बघते.”

भाऊ खदखदून हसला. चहाचा घोट घेऊन म्हणाला, “पोरगी तुझ्यावर गेलीय. चौथीत होती तेव्हा आमच्या सुशांतला काय हूल दिली होती आठवतं? चौकात कबड्डी लावलेली पोरांनी. पाय पुढे टाकला हिने. सुशांत पायाकडे वाकला, आणि हिने वरून हात मारून रेघ गाठली. बेणं बघतच राहिलं. मी म्हटलं, हा डाव चोरीचा आहे. पाय दाखवायचा आणि हात मारायचा, हे चारकोपात एकालाच येतं.”

“मीच शिकवलं तिला,” धोंडू अभिमानाने म्हणाला, आणि त्याचा कप ओठांपाशी थांबला.

नावं सांगताना डावा हात कुठे होता?

पहिल्या तीन फेऱ्यांचं त्याला आठवत होतं. तिथे हात फेकले होते, मोजून फेकले होते. पण चौथ्या फेरीत रामा आठवत होता, बाळा आठवत होता, लालबागचं मैदान, फ्रान्सिसचा घाम, सगळं आठवत होतं. हात आठवत नव्हता. तो हलत होता की नव्हता? हललाच असेल. नसेल तर? आणि ती तर पायच बघत होती. टिकल्या पायालाच होत्या. मग पायाला टिकल्या लावून कुणी दम कशाला बघेल?

“काय झालं रे?” भाऊने विचारलं.

“काही नाही. चहा गोड आहे.”

“बिनसाखरेचा आहे तो.”

धोंडू घरी आला तेव्हा दिवे लागले होते. जान्हवी वरच्या खोलीत जिन्याकडे पाठ करून बसली होती. हातात फोन. धोंडू चपला काढून जिना चढला होता, त्यामुळे तिला चाहूल लागली नाही. पडद्यावर एक बनियनमधला म्हातारा चालत होता. धोंडूला क्षणभर ओळख पटली नाही. त्याला वाटायचं तसा तो दिसत नव्हता. म्हातारा रंगात येऊन काहीतरी सांगत होता, त्याचा उजवा हात हवेत नाचत होता, आणि डावा हात दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या टॉवेलसारखा लोंबत होता. जान्हवीने दोन बोटांनी चित्र मोठं केलं. गुडघा पडद्याबाहेर गेला. उरला फक्त हात.

“किती वेळा बघणार?” धोंडू म्हणाला.

ती दचकली नाही. “बसा बाबा.”

“गुडघा मस्त आहे म्हणालीस ना?”

“गुडघा मस्तच आहे.”

धोंडू पलंगाच्या कडेवर बसला. “नमुनाबिमुना काही मागितला नव्हता ना त्यांनी?”

“नाही.”

“पाय दाखवलास.”

“हो.”

“आणि हात मारलास.”

“तुम्हीच शिकवलंत,” ती म्हणाली. “मला वाटलं, तुम्ही दुसऱ्याच विचारात असाल तर खरी चाल दिसेल. माझा संशय खोटा ठरावा, एवढ्याचसाठी लावल्या मी टिकल्या.”

“कधी कळलं?”

“कोथिंबिरीवरून. रोज एकाच हातात पिशवी. कुलूप उघडायचं असलं, कुणाला नमस्कार करायचा असला, तरी तुम्ही हात बदलत नव्हता. वजन उचलणारा माणूस हात बदलतो, बाबा.”

धोंडूने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. मांडीवर शहाण्यासारखा पडला होता. “काय झालंय ह्याला?”

“ते मला नाही सांगता येणार. मी डॉक्टर नाही. मला नाव नाही देता येत. मला फक्त दिसतं.”

इतकी वर्षं धोंडू हेच एक वाक्य शोधत होता. न्हाव्याला, सेक्रेटरीला, मेहुण्याला तोंडावर फेकता येईल असं. आज ते मिळालं, आणि आज ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

“मग तिकडे कळवलंस?”

“उद्या कळवते. नाही जमणार म्हणून.”

“जानू, हे बघ…”

“त्याआधी मला विचारा,” जिन्यात आवाज आला. प्रेमा हातात कालथा घेऊन वर आली होती. तिने किती ऐकलं होतं कोण जाणे, पण चेहऱ्यावरून तरी नवीन काही ऐकल्याचं दिसत नव्हतं. “शिमग्यापासून ह्यांच्या शर्टाची डावी बाही मी सरळ करत्येय. मी काय आंधळी? वाट बघत होते, कोण आधी बोलतंय. बाप कोथिंबिरीत लपतोय, लेक टिकल्यांत लपतेय, आणि माझं पाकीट फुकट गेलं.”

“आई, मी जाऊ शकत नाही अशात.”

“आणि इथे राहून काय करणार? ह्यांचा हात धरून चौकात फिरवणार? आणि उरलेल्या वेळात बोरिवलीत उठाबशा मोजणार?” प्रेमाचा कालथा जान्हवीच्या दिशेने हलला. “माझ्या पित्ताशयापायी एक नोकरी घालवलीस. ते पित्ताशय डॉक्टरने काढून फेकून दिलं गो. त्याचं ओझं मी अजून वागवतेय. आता ह्यांना पण तसंच ओझं देणार?”

खाली कुकरची शिट्टी झाली.

“जायच्या आधी ह्यांना डॉक्टरकडे तू ने,” प्रेमा म्हणाली. “गोळ्या मी देईन. चालायचं ह्यांचं हे चालतील. झाली वाटणी.” आणि ती कुकर बंद करायला खाली गेली.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी धोंडूला अंगठ्यावर बोट आपटायला लावलं, मनगट फिरवून पाहिलं, व्हरांड्यात चालायला लावलं. पुढच्या खेपेला म्हणाले, कंपवाताची सुरुवात आहे.

“पण माझा हात कापत नाही,” धोंडू म्हणाला.

“सगळ्यांचा कापतोच असं नाही.”

“मग कंपवात कसा?”

डॉक्टरांनी समजावलं. धोंडूने मान हलवली, पण त्याला ते काही पटलं नाही. न कापणाऱ्या हाताचा कंपवात, न दुखणारं दुखणं, आणि डॉक्टर नसलेली मुलगी आधी ओळखते. सगळंच उलटं. गोळ्यांनी बरं चालेल, व्यायाम सोडायचा नाही, हा आजार जात नाही पण सावकाश चालतो, असंही डॉक्टर म्हणाले. जाताना त्यांनी जान्हवीला विचारलं, “लवकर आणलंत. तुम्ही काय करता?”

जान्हवी उत्तर द्यायच्या आत धोंडू म्हणाला, “किनेसिऑलॉजी.” पहिल्यांदाच त्याने तो शब्द दुसऱ्या कुठल्या नाण्यात न बदलता दिला. डॉक्टर “अच्छा” म्हणाले. त्यांना कळलं असावं.

जान्हवी निघाली त्या सकाळी रिक्षा गेटात उभी होती. बॅगा मागे चढल्या. प्रेमाने लेकीच्या गालावरून हात फिरवला आणि कडाकडा बोटं मोडली, आणि काही न बोलता आत गेली, कारण बोलली असती तर तिची वाटणी मोडली असती. धोंडू सवयीने डाव्या हातात पिशवी घेऊन आला. आत लाडवांचा डबा होता.

“ती माझ्याकडे द्या,” जान्हवी म्हणाली.

“जड आहे.”

“म्हणूनच द्या.”

त्याने दिली. हात लगेच बाजूला जाऊन लटकला. चौकाच्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या, पण त्याने तो पाठीमागे नेला नाही. जान्हवीने पर्समधून एक मरून टिकली काढली आणि त्याच्या डाव्या मनगटावर लावून अंगठ्याने दाबली.

“रोज गेटापासून टाकीपर्यंत. ही पुढे-मागे जाताना दिसली पाहिजे. दिसली नाही तर समजायचं, हात झोपला. उठवायचा.”

“आणि पडली तर?”

“आईचं पाकीट आहे.”

“तुझी आई मला मारेल.”

“मारू दे. मी बघते तिकडून,” ती म्हणाली, आणि रिक्षात बसली. रिक्षा वळेपर्यंत ती मागच्या काचेतून बघत होती. त्याच्या तोंडाकडे की हाताकडे, ते धोंडूला कळलं नाही.

तो गेटाशीच उभा राहिला. समोर शकु जाळीत आली. तिने रिकामा हात पाहिला, टिकली पाहिली.

“भावजी, हे काय? हाताला टिकली?”

“पोरीने लावली.”

“कशाला?”

धोंडूने विचार केला. सिनेमा, आयटी, डॉक्टरकी, सगळं त्याच्या जिभेवर येऊन गेलं. “हात विसरतो,” तो म्हणाला. “त्याला आठवण करायला.”

शकुच्या तोंडावर आलेली मस्करी तिथेच राहिली. ती आत गेली नाही, पण तिने जाळीचं दार थोडं ओढून घेतलं, समोरच्याला आपण बघतोय असं वाटू नये इतपत.

धोंडू चालायला लागला. टिकली पुढे आली, मागे गेली, पुढे आली. हे जमत होतं. मग त्याला वाटलं, नुसतं हाताकडे बघत चालणं म्हणजे काही खेळ नव्हे. दोन्ही जमायला हवं.

“रामा कोचरेकर, डावा कोपरा,” तो हळूच म्हणाला. टिकली पुढे आली. “बाळा.” मागे गेली. “दिग्या, साखळीत.” पुढे. “मढचा फ्रान्सिस, मनगट म्हणजे…”

टिकली मांडीपाशी थांबली होती. धोंडूने तिच्याकडे पाहिलं. मग तो वळला, गेटापर्यंत परत गेला, आणि पुन्हा रामापासून सुरुवात केली.